उसनवारीचा हिशेब

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची मुले-मुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. वाढलेले ताट तसेच ठेवून, 'एक अपडेट बिघडले आहे' एवढेच सांगून ती उठतात आणि वडीलधाऱ्यांस काही उमगत नाही. त्याचा थोडा उलगडा करावा, असे आम्हांस वाटले.

वेब-अ‍ॅप्लिकेशन आज कोणी संपूर्णपणे स्वतः लिहीत नाही. तारखा मांडणे, नोंदी ठेवणे अशा नित्याच्या कामांसाठी इतरांनी लिहिलेली 'लायब्ररी' घ्यावयाची, हा रिवाज. तिनेही आणखी चार लायब्रऱ्या घेतलेल्या असतात. उसनवारीची ही साखळी पाहता पाहता शेकड्यांत जाते.

तिचा हिसका २२ मार्च २०१६ रोजी जाणवला. एका लेखकाने नावाच्या वादातून 'एनपीएम' या भांडारातील आपल्या लायब्रऱ्या काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची होती. मजकुराच्या डावीकडे भर घालणे एवढेच तिचे काम; परंतु तिच्याअभावी हजारो प्रकल्प खोळंबले. सुमारे दोन तासांत ती परत ठेवावी लागली. तात्पर्य, उसन्या वस्तूची एक प्रत घरी असावी.

लायब्ररीच्या आवृत्तीस बहुधा तीन आकडे असतात, जसे २.४.१. पहिला बदलला तर जुन्याशी जुळणार नाही, दुसरा बदलला तर नवी सोय, तिसरा म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असा संकेत आहे. मात्र तो लेखकाचा शब्द, हमी नव्हे. म्हणून नेमके आकडे 'लॉक फाइल'मध्ये नोंदवतात. त्यामुळे एकाच्या यंत्रावर चालणारे काम दुसऱ्याकडे अडत नाही.

पण कुलूप लावून निजणेही बरे नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे'त मोठे भगदाड उघडकीस आले. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत परक्यास दुरून आपल्या आज्ञा चालवता येत होत्या. २.१५.० आली, ती अपुरी ठरून त्याच महिन्यात २.१६.० आणि २.१७.० काढाव्या लागल्या. अनेकांस तर ही लायब्ररी आपल्या घरात आहे, याचाच पत्ता नव्हता. ती कोणा दुसरीच्या पदरास धरून आत आली होती.

म्हणून काय घेतले याची यादी ठेवावी, नको ते परत करावे, आणि नवी आवृत्ती एकेक करून, चाचणी घेऊनच स्वीकारावी. वर्षभर थकलेली उसनवारी एका रात्रीत फिटत नाही.

आणि मुले पुन्हा ताटावरून उठली, तर रागावू नये. ताट झाकून ठेवावे.