टाचेतला थेंब आणि साखरेचा आकडा

मधुमेही माणसाच्या बोटाला टोचल्यावर ग्लुकोमीटरने १८० दाखवले काय नि १९५ दाखवले काय, औषध फारसे बदलत नाही. चार तासांच्या बाळाच्या बाबतीत हाच पंधराचा फरक जड जातो. १०० मिलिलिटर रक्तात साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ साधारणपणे उपचाराला लागतात. ग्लुकोमीटरसाठीचे २०१३चे आंतरराष्ट्रीय मानक मात्र शंभराखालच्या आकड्यांत पंधरा इकडे-तिकडे चालवून घेते. खरी साखर ४५ असताना यंत्राने ३० दाखवले किंवा ६० दाखवले, तरी ते यंत्र पासच!

मुळात ही यंत्रे मोठ्यांच्या रक्तासाठी घडवलेली. नवजाताचे रक्त दाट असते. त्यात तांबड्या पेशींचा वाटा बहुधा ५० ते ६० टक्के, तर आईच्या रक्तात तो चाळिशीच्या आसपास. पेशींची गर्दी वाढली की पट्टीवरच्या रसायनापर्यंत साखर कमी पोचते आणि आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. पेशींचे प्रमाणही मोजून आकडा दुरुस्त करणारी यंत्रे आता आहेत, पण ती महाग.

टोचणाऱ्या हातावरही बरेच अवलंबून असते. गार टाचेतून थेंब येत नाही, म्हणून ती पिळली जाते आणि रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते. त्यापेक्षा टाच आधी कोमट करावी, स्पिरिट वाळू द्यावे आणि मधोमध न टोचता कडेला टोचावे. त्यात आपल्याकडे बाळाला मध चाटवायची हौस. मध नवजाताला देऊच नये, तो विषय वेगळा. पण तेच चिकट बोट टाचेला लागले तर साखर एकदम झकास दिसते. मला या चढ्या आकड्याची भीती जास्त वाटते. कमी आकडा आला की निदान धावपळ होते, चांगला आला की सगळे निर्धास्त.

मग रक्त सरळ प्रयोगशाळेतच का पाठवू नये? राधानगरीसारख्या गावातल्या बाळाचे रक्त पाठवायचे, तर कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. नळीतल्या तांबड्या पेशी त्या वाटेवरही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानाला ही घट तासाला ५ ते ७ टक्के. बाळाच्या रक्तात पेशी जास्त, म्हणून आणखी वेगाने. फ्लोराइड घातलेली करड्या टोपणाची नळी वापरली तरी तिचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. नळी बर्फात ठेवली नाही किंवा पेशी लगेच वेगळ्या केल्या नाहीत, तर कोल्हापूरच्या उत्तम यंत्रावरचा अचूक आकडाही बाळाचा नव्हे, नळीचा असतो. राधानगरीसारख्या ठिकाणी खाटेजवळची ढोबळ तपासणी म्हणूनच मोलाची. तिथे जपायचे ते पावसाळ्याला: पट्ट्यांची डबी उघडी राहिली की ओल धरून पट्ट्या बिघडतात.

सरसकट प्रत्येक बाळाची टाच टोचायचे मात्र कारण नाही. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत धडधाकट बाळाचीही साखर तिशीपर्यंत उतरते आणि आपोआप वर येते. तपासायची ती कमी वजनाची, दिवस भरण्याआधी जन्मलेली, मधुमेही आईची, किंवा थरथरणारी, मलूल बाळे. आकडा कमी आला तर पक्क्या तपासणीसाठी रक्त पाठवायचे, पण अहवालाची वाट न पाहता उपाय सुरू करायचा. बाळ ठीक असेल तर आधी अंगावर पाजायचे. झटके येत असतील तर शिरेतूनच ग्लुकोज. न्यूझीलंडमधल्या ‘शुगर बेबीज’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, ४० टक्के डेक्स्ट्रोजचे जेल बाळांच्या गालाच्या आतून चोळले. पाजण्याच्या जोडीला एवढे केल्यावर साखर कमी म्हणून आईपासून दूर अतिदक्षता विभागात हलवावी लागणारी बाळे कमी झाली. जेल दिल्यावर अर्ध्या तासाने टाच पुन्हा टोचायची असते. त्याआधी सिस्टरने हात स्वच्छ धुवायचे, नाहीतर जेलचीच साखर मोजली जाईल.