नारळी पौर्णिमेपासून अधिसूचनेपर्यंत : मासेमारी नियमनाची वाटचाल

श्रावणातील पौर्णिमेला कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणूक निघते, दर्याला नारळ अर्पण केला जातो आणि पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. नारळी पौर्णिमेचा हा सण सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि त्यामागे मत्स्यव्यवसायाचा एक जुना नियम दडलेला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्याच्या आरंभी समुद्र खवळला की शिडाच्या होडीला दर्यात जाणे शक्य नसे. कोळी बांधव जाळी तुणण्यात आणि होड्यांची डागडुजी करण्यात हे दिवस घालवीत. नेमक्या याच सुमारास अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाळ असतो. अशा रीतीने हवामान, सण आणि निसर्गक्रम यांची सांगड घातली जाऊन माशांना दोन महिने अभय मिळे. त्यासाठी निराळा कायदा करावा लागत नसे.

आज इंजिनाच्या नौकेला पावसाचे भय पूर्वीइतके उरलेले नाही. रूढीने जे काम केले, ते आता शासनाच्या अधिसूचनेला करावे लागते. हा बदल कसा घडून आला, याचा हा मागोवा.

प्राचीन दाखले

मासेमारीवर राज्यसत्तेचे लक्ष असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली असून, मच्छीमारांनी आपल्या मिळकतीचा सहावा भाग राजाला द्यावा असे तेथे म्हटले आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना व अन्य काही तिथींना मासे मारू नयेत व विकू नयेत अशी आज्ञा आढळते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तर माशांच्या जाती आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे सविस्तर वर्णन आलेले आहे. राजाचा महसूल आणि जीवांचे रक्षण या दोन्ही दृष्टी अशा फार जुन्या आहेत.

किनाऱ्यावरील लोकव्यवस्था

कोकण किनाऱ्यावर प्रत्यक्ष व्यवहार मात्र गावकीच्या नियमांनी चाले. उत्तरेकडे बोंबील व जवळा यांसाठी डोल जाळी लावतात. त्यासाठी समुद्रतळात खुंट रोवण्याच्या ज्या जागा असतात, त्यांना कवी म्हणतात. कोणाची कव कोठे, हे गावागावांत पूर्वापार ठरलेले असे. दक्षिणेकडे, विशेषतः सिंधुदुर्गात, रापणीची पद्धत रूढ आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडले जाते आणि किनाऱ्यावर उभी असलेली माणसे त्याची दोन्ही टोके ओढून घेतात. मिळालेल्या मासळीचे वाटे जाळे, होडी आणि श्रम यांच्या प्रमाणात पडतात. दर्या सर्वांचा असला, तरी त्यात उतरण्याचे नियम होते आणि ते पाळले जात होते.

ब्रिटिश अमदानी

सरकारी कायद्याचा प्रवेश १८९७ साली झाला. त्या वर्षीच्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने स्फोटके व विष यांचा वापर करून मासे मारण्यास मनाई केली. पुढे शासनाचा कल नियंत्रणापेक्षा उत्पादनवाढीकडे अधिक राहिला. १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरने मुंबईच्या समुद्रात पाहणी केली. मच्छीमारांच्या सहकाराची मुहूर्तमेढही याच किनाऱ्यावर रोवली गेली. १९१३ साली स्थापन झालेली कर्ला मच्छीमार संस्था ही देशातील या क्षेत्रातील पहिली सहकारी संस्था मानली जाते.

यांत्रिकीकरणाचे दुहेरी फळ

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात मासळीचे उत्पादन वाढविणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरले. केरळमधील नीण्डकरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिक नौकांचा प्रकल्प १९५३ मध्ये सुरू झाला. अन्य किनारी राज्यांतही इंजिने, नायलॉनची जाळी, बर्फाचे कारखाने यांसाठी कर्जे व अनुदाने देण्यात आली. उत्पादन वाढले आणि खोल समुद्र आवाक्यात आला, हे निःसंशय.

परंतु ट्रॉलरचे जाळे समुद्रतळ खरडत जाते आणि त्यात लहानमोठे सर्वच जीव येतात. खोल पाण्यासाठी असलेल्या या नौका कोळंबीच्या शोधात किनाऱ्यालगत येऊ लागल्या, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांची जाळी तुटू लागली. गोव्यात रापणकरांनी सत्तरच्या दशकात मोठे आंदोलन उभारले व त्याचे पडसाद देशभर उमटले. केंद्र शासनाने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली आणि १९७९ मध्ये राज्यांसाठी नमुना विधेयक तयार झाले. गोवा व केरळ येथे १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम संमत झाले.

ज्या शासनाने इंजिन दिले, त्यालाच इंजिनासाठी मर्यादा आखावी लागली. या कायद्यांचे मर्म यातच आहे.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी मात्र संघसूचीत येते. त्यामुळे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा आणि तेथून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा अधिकार चालतो. मासे ही रेषा ओळखत नाहीत, हे उघड आहे. म्हणूनच दोन्ही शासनांच्या आदेशांत मेळ असणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्राच्या कायद्यान्वये ट्रॉलरना किनाऱ्यालगत काही भागात ५ वाव, तर काही भागात १० वाव खोलीपर्यंत मज्जाव करण्यात आला. थव्याने फिरणारे मासे वेढून धरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घालण्यात आले. २०२१ च्या सुधारणेने कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि प्रखर कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करणाऱ्यांसाठी ५ ते २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

बंदीचा काळ आणि मतभेद

पूर्वी राज्यात १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी असे. सणाला आदेशात स्थान देणारी ही तरतूद रूढी व कायदा यांना जोडणारी होती. २०१५ पासून केंद्र शासनाने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा समान कालावधी ठरविला. शेजारच्या राज्यांच्या नौकांनाही एकच नियम लागू व्हावा, हा त्यामागील हेतू रास्त होता. मात्र परंपरा आणि आदेश यांत अंतर पडले. २०२३ साली नारळी पौर्णिमा ३० ऑगस्ट रोजी होती, बंदी मात्र ३१ जुलैलाच संपली. बंदी वाढवावी अशी मागणी खुद्द मच्छीमार संस्थांकडून वेळोवेळी होत आली आहे. निर्बंध नेहमी वरूनच लादले जातात, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

या मागणीमागे अनुभव आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २.०१ लाख टनांवर घसरले. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. वादळांमुळे मासेमारीचे दिवस घटले, हे त्याचे एक कारण होते. परंतु सातपाटीसारख्या पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरांची चिंता त्याहून जुनी आहे. बोटभर लांबीची पापलेटची पिल्ले जाळ्यात आली, तर पुढील वर्षी मोठा मासा येणार कोठून? याबाबतीत दोष केवळ ट्रॉलरचा नाही. बारीक आसाच्या डोल जाळ्यांतही ही पिल्ले सापडतात. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरविण्यात आले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर व बोंबिलासाठी १८० मिलिमीटर आहे. प्रत्येक माशाला निदान एकदा प्रजननाची संधी मिळावी, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

स्थानिक संस्थांची भूमिका

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा दिला. त्याच वर्षी ड्रोनद्वारे किनाऱ्यावर पाळत ठेवण्यासही प्रारंभ झाला. तथापि आकाशातून नौका दिसते, टोपलीतील पिल्लू दिसत नाही. ते बंदरावर, लिलावाच्या जागी आणि बाजारातच दिसू शकते. येथे गावाचा संबंध येतो. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे, याची जाणीव पंचायत सदस्यांनी ठेवावयास हवी. किमान आकारमानाचा तक्ता मासळी बाजारात लावणे, बंदीचे दिनांक ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि बंदीच्या काळात रोजगार नसलेल्या खलाशांना व मासळी विकणाऱ्या महिलांना शासकीय योजनांची माहिती देणे, ही कामे ग्रामपंचायतींना सहज करता येतील. शाळेतील फूटपट्टीने १३५ मिलिमीटर म्हणजे किती हे शिक्षकांनी मुलांना दाखविले, तर तो धडा घरोघरी पोहोचेल.

दोन महिने नौका किनाऱ्यावर ठेवण्याची झळ सर्वांत आधी खलाशाच्या चुलीला लागते, हे अधिकाऱ्यांनी विसरता कामा नये. त्याच्या घरी त्या काळात धान्य असेल, तरच बंदी खऱ्या अर्थाने पाळली जाईल. तसे झाले, तर श्रावणात दर्याला वाहिलेल्या नारळामागील जुना संकेत कायद्याच्या आधाराने पुढील पिढ्यांपर्यंत टिकून राहील.