वीटभट्टीवरील गृहभेट : परिचर्या-शिक्षणातील एक प्रश्न

सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकविणाऱ्या अध्यापिकेचा खरा वर्ग रुग्णालयाच्या भिंतींबाहेर भरतो. गृहभेटीस निघालेल्या विद्यार्थिनीस ती प्रथम पिशवीची शिस्त शिकविते. कागद अंथरून त्यावर पिशवी ठेवावी, उघडण्यापूर्वी हात धुवावेत, वापरलेले साधन शुद्ध केल्यावाचून आत टाकू नये. घरोघरी जाणारा हातच संसर्गाचा वाहक ठरू नये, हा त्यामागील हेतू होय. एवढे शिकविणे सोपे आहे. कोणाच्या घरी जावयाचे, हे शिकविणे अवघड. ठाणे-कल्याण परिसरात तर विशेषच.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेस बहुउद्देशीय आरोग्यसेविका करावे, अशी शिफारस केली. आज उपकेंद्रासाठी मैदानी भागात ५,००० व डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचे माप आहे. २०१३ च्या नागरी आरोग्य अभियानाने नागरी प्राथमिक केंद्रास सुमारे ५०,००० लोकसंख्या धरली. मनुष्य एके ठिकाणी राहतो, हे या सर्व मापांचे गृहीतक आहे.

ते येथे टिकत नाही. शहापूर, तसेच २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या जव्हार-मोखाडा भागांतील कातकरी व वारली कुटुंबे दिवाळीनंतर, पुष्कळदा उचल घेऊन, भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर येतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. बालकाच्या लसी मात्र सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास द्यावयाच्या असतात. कार्तिकात जन्मलेल्या मुलाच्या या तिन्ही तारखा भट्टीवरच उलटतात. गावच्या नोंदवहीत ते मूल ‘बाहेरगावी’ असते. शहराच्या नोंदवहीत ते नसतेच.

म्हणून विद्यार्थिनीस तयार यादी न देता यादी करावयास लावावी. तिने भट्टीवरील झोपड्या मोजाव्या, प्रत्येक आईजवळचे माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे आणि दिलेल्या लसीची तारीख मूळ गावच्या आरोग्यसेविकेस कळवावी. भेटीची वेळ आईस विचारून ठरवावी. मजुरी विटांच्या संख्येवर मिळत असल्याने तिचा अर्धा तासही फुकट नसतो.

येथे एक अडचण आमच्या परीक्षापद्धतीची आहे. कुटुंबाभ्यासाच्या वहीस गुण असतात, आणि वही सुबक व्हावी म्हणून विद्यार्थिनी स्थिर व बोलके कुटुंब निवडते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. कुटुंबाची निवड अध्यापिकेने करावी. अभ्यास चालू असता भट्टीवरील कुटुंब निघून गेले, तर वही अपुरी राहील. त्या अपुऱ्या वहीत कुटुंबाचे पुढील ठिकाण व लसीची पुढील तारीख लिहिलेली असल्यास तिला पूर्ण गुण द्यावेत.