घंटेवर चालणारा दिवस

इगतपुरीच्या धम्मगिरीवर पहाटे ४ वाजता घंटा होते, साडेचारला साधना सुरू. सत्यनारायण गोयंका यांनी उभारलेल्या या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरं भरतात. दहा दिवस मोबाइल, पुस्तक, वही-पेन काहीच जवळ ठेवायचं नाही.

साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा-दूध आणि फळं. आधी शिबिर केलेल्या जुन्यांना मात्र लिंबूपाण्यावर भागवावं लागतं.

खरी कसोटी चौथ्या दिवसापासून. रोज तीनदा, तासभर, हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं. आर्य मौन, म्हणजे एकमेकांशी अजिबात न बोलण्याचा नियम, सुटतं ते थेट दहाव्या दिवशी!

शिबिराला शुल्क नाही. दानही फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारतात, हा नियम विशेष मोलाचा.