जुनं घर विकायच्या आधी : पेव, बळद आणि माळा



गळीत हंगाम आटोपला, उसाचा हिशेब हातात आला, की घरोघरी बांधकामाच्या गोष्टी निघतात. कोणी शेतात घर बांधतो, कोणी पोरांच्या शिक्षणासाठी वाशीमला नाहीतर अकोल्याला राहायला जातो, आणि गावातलं वडिलोपार्जित घर विकायला निघतं. गिऱ्हाईक येणार म्हणून ओसरी सारवतात, दर्शनी भिंतीला चुना मारतात. पण वीस-वीस वर्षं जिथे कोणी डोकावलं नाही, त्या जागांचं कुलूप तसंच राहतं. आमचं म्हणणं असं की, काम तिथूनच सुरू करावं. त्यात व्यवहाराचा प्रश्न आहे, तसा जिवाचाही आहे.

पेव आणि बळद

ज्वारी साठवायची पेवं आता कोणी भरत नाही. पण जुन्या घरांत ती फरशीखाली, अंगणात, कधी कोठ्यात बुजलेल्या तोंडानिशी असतात. तळाशी राहिलेलं धान्य, भुसा ओल लागून कुजतो. कुजताना तो हवेतला प्राणवायू खातो आणि कर्बवायू सोडतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशीच बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरणारा माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरला की तोही जातो. अशाने एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात.

म्हणून तोंड उघडून दोन-तीन दिवस मोकळं ठेवा, पण भोवती काट्या लावा, लेकरं-ढोरं पडू नयेत. पंख्याने आत हवा सोडा. जुनी माणसं दोरीने कंदील सोडून बघत. कंदील विझला तर उतरायचंच नाही, हे खरं. पण कंदील जळतो म्हणजे धोका नाही, असं मात्र समजू नका. खरं तर आत उतरायची गरजच काय? वरूनच बुजवा. त्यात केरकचरा, पऱ्हाट्या टाकू नका, त्या कुजून पुढे जमीन खचते. मुरूम वीतभर थराने टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका, मग पुढचा थर.

बळदाचंही तसंच. दार काढून उजेड येऊ द्या, मगच झाडू घ्या. सापाची जागा असते ती, हात घालण्याआधी काठी घाला.

माळा आणि अडगळ

माळ्यावर हमखास जुनी औषधं सापडतात. एन्ड्रीनचा डबा, बी.एच.सी. पावडरची पिशवी. या दोन्हींवर आपल्या देशात १९९० च्या दशकातच बंदी आली, पण डबे राहिले. धान्यात ठेवायच्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. ही औषधं जाळू नका, विहिरीत-नाल्यात टाकू नका, डबा धुऊन पाण्याला वापरू नका. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला विचारून विल्हेवाट लावा.

वर चढलातच, तर सागवानी तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना दाभण टोचून बघा. दाभण सहज आत गेलं, तर वाळवीने पोखरलं आहे. धाब्याला कुठे पाणी मुरतं, तेही तिथूनच दिसतं.

कागद आणि तांब्याची पानं

ट्रंकेतले कागद चुलीत घालण्याआधी एक-एक वाचा. खरेदीखत, वाटणीपत्र, करपावत्या यांच्याशिवाय व्यवहार अडतो. कारखान्याचा भागदाखला त्यातच सापडतो. सभासद वारला असेल, तर सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशित माणसाच्या किंवा वारसाच्या नावे भाग होतात, त्यासाठी कार्यालयात यावं.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यात होतं. १९३९ साली तिथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले, आणि त्यावरून वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वाशीमला राज्य करणारी वाकाटकांची शाखा कळली. तांबं म्हणून ते मोडीत गेले असते तर? भिंतीत किंवा जमिनीत दहा रुपयांवर किमतीचं काही पुरलेलं सापडलं, तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर मिळणारा हिस्साही जातो.

सांगावं की लपवावं?

काही जण म्हणतात, बुजवलेलं पेव सांगितलं की भाव पडतो. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, जो मोठा दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. उद्या त्याने त्याच जागी पिल्लर उभा केला आणि तो खचला, तर? म्हणून पेव कुठे आहे, किती खोल आहे, कशाने भरलं, हे खरेदीखतातच लिहून द्या. घेणारा पाया त्या बेताने घेईल, आणि तुमच्या मागे वाद राहणार नाही.

हे सगळं काम मृगाच्या आधी उरकावं. एकदा पाऊस लागला, की पेवात पाणी उतरतं, आणि मग बुजवणं होत नाही.