नव्या व्हीआर हेडसेटचा पडदा कसा तपासावा? खरा दोष आणि तंत्राची मर्यादा यांतला फरक

घरात नवा व्हीआर हेडसेट आला की पहिले काही दिवस गेम खेळण्यात आणि ३६० अंशांचे व्हिडिओ पाहण्यात जातात. पडद्यावर कायम पेटलेला एखादा लाल ठिपका, किंवा एका डोळ्याला किंचित पिवळट दिसणारे चित्र लक्षात येते ते आठवड्या-दोन आठवड्यांनी. तोवर विक्रेत्याने दिलेली वस्तू बदलण्याची मुदत अनेकदा संपलेली असते. याच्या उलटही घडते. हेडसेट अगदी ठीक असतो, पण त्याच्या तंत्राची मर्यादाच दोष समजून तो परत पाठवला जातो आणि बदली हेडसेटमध्येही तेच दिसते. हे दोन्ही टाळायचे असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत अर्धा तास काढून पडदा नीट तपासणे पुरेसे असते.

छोटा दोष इथे मोठा का दिसतो?

मेटा क्वेस्ट ३ हा २०२३ साली आलेला हेडसेट उदाहरण म्हणून घेऊ. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ × २२०८ पिक्सेलचा एलसीडी पडदा आहे, म्हणजे एका डोळ्यासमोर सुमारे ४५ लाख ५७ हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल धरले, तर हा आकडा एका डोळ्यासाठी सुमारे १ कोटी ३७ लाखांवर जातो. एवढ्यांपैकी एखादा बंद निघणे अशक्य नाही.

फोनमध्ये असा एक पिक्सेल बहुधा लक्षातही येत नाही. एका इंचात ४०० पिक्सेल असलेला फोन ३० सेंटिमीटरवर धरला, तर नजरेच्या एका अंशात सुमारे ८० पिक्सेल मावतात. क्वेस्ट ३ मध्ये मात्र भिंगांमुळे चित्र इतके मोठे होते, की एका अंशात फक्त २५ च्या आसपास पिक्सेल येतात. म्हणजे तिथला प्रत्येक पिक्सेल फोनच्या पिक्सेलपेक्षा तिपटीहून मोठा दिसतो. शिवाय मान कुठेही वळवली तरी तो ठिपका नजरेसमोर त्याच जागी राहतो.

सर्वांत आधी: उन्हापासून दूर

भिंगे स्वच्छ आहेत का, हे पाहायला अनेक जण हेडसेट खिडकीपाशी किंवा गच्चीत नेतात. हे कधीच करू नये. हेडसेटची भिंगे सूर्यप्रकाश एकवटून थेट पडद्यावर पाडतात. लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ होतो, तसाच हा प्रकार. थोड्या वेळातही पडद्यावर कायमचा डाग पडू शकतो आणि अशा नुकसानाला वॉरंटी सहसा लागू होत नाही. भिंगे घरातल्या दिव्याच्या उजेडातच पाहावीत आणि हेडसेट ठेवताना भिंगांची बाजू खिडकीकडे नसावी.

तपासणीची तयारी

१. भिंगांवरचे संरक्षक कागद काढून ती चष्मा पुसण्याच्या कोरड्या, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावीत. सॅनिटायझर किंवा काच पुसण्याचा द्रव लावू नये.

२. हेडसेट चार्ज करून त्याचे सॉफ्टवेअर अपडेट करावे. मग २० मिनिटे नेहमीसारखा वापरून पडदा थोडा तापू द्यावा.

३. पट्टा नीट बसवून दोन बाहुल्यांमधले अंतर जुळवावे. क्वेस्ट ३ मध्ये त्यासाठी चाक आहे, तर क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन ठरावीक जागा आहेत. हे अंतर चुकले की उत्तम पडदाही धूसर दिसतो.

४. खोलीत पूर्ण काळोख करू नये. अनेक हेडसेट जागा ओळखण्यासाठी बाहेरच्या कॅमेऱ्यांवर अवलंबून असतात आणि त्यांना उजेड लागतो.

रंगांची चाचणी

काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि गडद राखाडी अशा सहा सपाट रंगांची चित्रे हेडसेटच्या ब्राउझरमध्ये एकेक करून उघडावीत. चित्राची चौकट इतकी जवळ आणावी, की तिने जवळपास सगळी नजर व्यापावी. मग एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहावे. दोन्ही डोळे उघडे असतील, तर एका बाजूचा दोष मेंदू सहज झाकून टाकतो.

पांढऱ्या रंगावर कायम काळा दिसणारा ठिपका म्हणजे मृत पिक्सेल. काळ्या रंगावर सतत लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा चमकणारा ठिपका म्हणजे अडकलेला पिक्सेल. लाल, हिरव्या आणि निळ्या चित्रांवर एखादाच उपपिक्सेल बंद असेल तर तो सापडतो. गडद राखाडी चित्रावर ढगाळ डाग, पट्टे किंवा मळक्या कापडासारखा पोत दिसतो का, तेही पाहावे. या असमान उजेडाला जपानी शब्दावरून 'मुरा' म्हणतात. ओलेड पडद्यांत तो अधिक जाणवतो. २०२३ साली आलेला प्लेस्टेशन व्हीआर २ याच प्रकारच्या पडद्याचा आहे.

अडकलेला पिक्सेल सुटावा म्हणून भराभर रंग बदलणारे व्हिडिओ लावले जातात. त्यांचा उपयोग कधी होतो, कधी नाही. मात्र ते चालू असताना हेडसेट डोळ्यांवर लावू नये. वेगाने लखलखणारा प्रकाश काहींना फिट आणू शकतो.

ठिपका नेमका कुठे आहे?

ठिपका दिसला की मान हळू वळवावी. तो समोरच्या दृश्याबरोबर मागे राहिला, तर तो चित्रातलाच आहे. नजरेबरोबर आला, तर तो पडद्यावर किंवा भिंगावर आहे. भिंगावरचा धुळीचा कण डोळ्याच्या फार जवळ असल्याने धूसर डागासारखा दिसतो आणि पुसल्यावर जातो किंवा जागा बदलतो. पडद्यावरचा दोष स्पष्ट दिसतो आणि पुसून जात नाही. पडदा आणि भिंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ घरी काढता येत नाही. त्यासाठी हेडसेट उघडला, तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते.

दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळतात का?

ही तपासणी सहसा राहून जाते, पण त्रास यानेच अधिक होतो. दूरवर एक आडवी रेघ दिसेल असे दृश्य निवडावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. रेघ थोडी डावी-उजवीकडे सरकली तर चालते, पण ती वर-खाली उडी मारायला नको. आपले डोळे नाकाकडे किंवा बाहेरच्या बाजूला सहज वळतात, पण एक डोळा वर आणि दुसरा खाली ठेवणे त्यांना फार थोडे जमते. असा फरक सोसण्यात डोळे दमतात आणि डोके दुखते.

हेडसेट चेहऱ्यावर तिरका बसला तरी असे वाटू शकते. म्हणून तो काढून, सरळ बसवून दोन-तीनदा पडताळावे. याच वेळी पांढऱ्या चित्रावर दोन्ही डोळ्यांचा पांढरा सारखाच आहे का, तेही पाहावे. अगदी किंचित फरक सर्रास असतो. एक बाजू ठळकपणे पिवळी किंवा निळी दिसली, तर तो दोष आहे.

हे दोष नव्हेत

एलसीडी पडद्यात काळा रंग गडद राखाडी दिसतो, कारण मागचा दिवा चालूच असतो. क्वेस्ट २, ३एस आणि प्लेस्टेशन व्हीआर २ यांत खाचांची फ्रेनेल भिंगे आहेत. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाचे फराटे दिसतात. चित्राच्या कडा मध्यापेक्षा धूसर असणे, कडेला रंगांची बारीक झालर दिसणे हेही भिंगांमुळेच होते. बाहेरची खोली कॅमेऱ्यातून पाहताना दिसणारी मुंग्यांसारखी वळवळ कॅमेऱ्याची असते, पडद्याची नव्हे.

बदलून कधी घ्यावा?

नजरेच्या मध्यभागी असलेला मृत किंवा अडकलेला पिक्सेल, आत अडकलेला मोठा कण, सरळ रेघ, ठळक रंगफरक आणि वर-खाली न जुळणारी चित्रे यांसाठी हेडसेट बदलून मागावा. अगदी कडेचा एखादा ठिपका शोधूनच सापडत असेल, तर नेहमीचा गेम किंवा चित्रपट पाहून ठरवावे. शोधल्याशिवाय तो खुपत नसेल, तर बदली हेडसेटमध्ये याहून मोठा दोष निघण्याची शक्यताही लक्षात घ्यावी.

पुरावा म्हणून खोके उघडतानाचा व्हिडिओ आणि बिल जपावे. भिंगांच्या मधला, चेहऱ्याची चाहूल घेणारा सेन्सर बोटाने झाकला की पडदा चालू राहतो आणि फोन भिंगाजवळ नेऊन दोषाचा फोटो घेता येतो. परदेशातून आणलेल्या हेडसेटची वॉरंटी भारतात चालते का, हे मात्र खरेदीआधीच विचारावे. ऑनलाइन खरेदीत सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तरीही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.