गणनफलांचा संचय व त्यांची सत्यता

वेबवर ब्राउझर विनंती करतो व सर्व्हर तिला उत्तर देतो. हा व्यवहार ज्या एचटीटीपी नियमांनुसार चालतो, ते मूलतः स्मृतिहीन आहेत. प्रत्येक विनंती आधीच्या विनंतीहून स्वतंत्र मानली जाते. यास्तव एखाद्या परीक्षेच्या निकालाची विषयवार सरासरी शंभर जणांनी पाहिली, तर तेच गणित शंभर वेळा करावे लागते. एकदा काढलेले उत्तर राखून ठेवावे व पुढील विनंतीस तेच द्यावे, हा उपाय येथे सहज सुचतो. ही कल्पना नवी नाही. डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये आपली पूर्वीची उत्तरे स्मरणात ठेवणाऱ्या फलनांची कल्पना मांडली होती.

उत्तर कोठे ठेवावे, हा पहिला प्रश्न होय. सर्व्हरवरील प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीत ते सर्वांत शीघ्र सापडते. परंतु सर्व्हर अनेक असल्यास प्रत्येकाची प्रत निराळी राहते आणि प्रक्रिया थांबताच ती नष्ट होते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी रचलेल्या मेमकॅश्डने अनेक यंत्रांची स्मृती एकत्र वापरून सामायिक संचय शक्य केला. मात्र जागा अपुरी पडली की त्यातील दीर्घकाळ न वापरलेल्या नोंदी काढून टाकल्या जातात. अर्थात् जे पुन्हा गणून मिळू शकते, तेवढेच तेथे ठेवणे योग्य.

खरी अडचण यापुढील आहे. पुनर्मूल्यांकनाने गुण बदलले, तर राखलेली सरासरी असत्य ठरते. तिला कालमर्यादा घालावी, तर ती मर्यादा संपेपर्यंत जुनेच उत्तर मिळत राहते. गुण बदलताच नोंद पुसावी, तरीही धोका उरतो: एका विनंतीने जुने गुण वाचले, तिचे गणित चालू असता दुसरीने गुण बदलून नोंद पुसली, त्यानंतर पहिलीने आपले जुने उत्तर संचयात लिहिले. आता ते खोडणारे कोणीच नाही.

फेसबुकमधील अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात यावर एक उपाय वर्णिला आहे. संचयात उत्तर न आढळल्यास विनंतीला एक परवाना मिळतो. दरम्यान नोंद पुसली गेल्यास तो रद्द होतो व उशिराचे लेखन नाकारले जाते. असे परवाने ठराविक अंतरानेच दिल्यामुळे एकाच उत्तरासाठी डेटाबेसवर होणारी गर्दीही टळते. अशा गर्दीला बळी पडणाऱ्या नोंदींच्या एका संचावर त्यांनी मापन केले, तेव्हा डेटाबेसवरील कमाल भार सेकंदास १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला.

संचयातील नोंद ज्या किल्लीने शोधली जाते, तिची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्या सर्व किल्लीत आल्या पाहिजेत. विद्यार्थ्याचा क्रमांक त्यातून वगळला गेला, तर एकाचे गुणपत्रक दुसऱ्यास दिसेल. तात्पर्य, उत्तर कशावर अवलंबून आहे व कोणत्या घटनेने ते बाद होते, हे निश्चित केल्यावाचून केलेला संचय चुकीचे उत्तरही तितक्याच शीघ्रतेने देतो.